रूळ नव्हे, खाडी: माणूस आणि त्याचे नामशेष नातेवाईक

२०२५ च्या कोजागरीला ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइल घेऊन माझ्याजवळ आले. "बाई, हे वाचलंत का? उत्क्रांतीचा सगळा सिद्धान्तच कोलमडला म्हणे." त्यांच्या मुलीला मी दहावीला विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे असल्या बातम्यांचा खुलासा ते माझ्याकडेच मागतात. मेसेजमध्ये एका चेपलेल्या कवटीचा फोटो होता आणि खाली मजकूर: चीनमधल्या दहा लाख वर्षांपूर्वीच्या कवटीने मानवाचा इतिहास पाच लाख वर्षं मागे ढकलला, डार्विन खोटा ठरला.

यातल्या कवटीची बातमी खरी आहे. डार्विन खोटा ठरल्याची खरी नाही. पण ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटून का फिरतात, हे समजायचं तर सुरुवातीपासून यावं लागतं. गच्चीवर ते अर्धवटच राहिलं, म्हणून इथे नीट मांडते.

ठाणे ते सीएसएमटी: सत्तर लाख वर्षं

उत्क्रांती म्हणजे पिढ्यानपिढ्या साचत जाणारा बदल. एकाच आईबापांची मुलं हुबेहूब सारखी नसतात. त्यातल्या ज्यांना तिथली हवा, तिथलं अन्न, तिथले आजार जास्त मानवतात, त्यांची मुलंबाळं जास्त तगतात आणि त्यांचे गुण पुढच्या पिढीत थोडे जास्त दिसतात. कल्पना एवढीच आहे. अडचण येते ती काळाची, कारण लाख वर्षं हा आकडा मनात मावत नाही.

म्हणून आपल्या ओळखीचं अंतर घेऊ. १६ एप्रिल १८५३ ला आजच्या सीएसएमटीजवळच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ते अंतर ३४ किलोमीटर. आपण उलट जाऊ. ठाण्याला गाडी सुटते तेव्हा सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा काळ आहे असं धरा, आणि सीएसएमटीला फलाटाच्या टोकाशी गाडी थांबते तो आजचा दिवस. ठाण्याला आपली आणि चिंपांझींची वाट नुकती वेगळी होते आहे. विद्याविहारच्या सुमारास कोणीतरी दोन पायांवर चालत जातं. टांझानियात लाएटोली इथे ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेली ती पावलं ३६ लाख वर्षं टिकली आहेत. कुर्ल्याला 'ल्यूसी' भेटते, इथिओपियात १९७४ साली सापडलेला ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा. चालायची आपल्यासारखी, पण मेंदू जवळपास चिंपांझीएवढाच. म्हणजे आपण आधी उभे राहिलो, डोकं मागाहून मोठं झालं. शाळेत हे सांगितलं की मुलांना दर वेळी आश्चर्य वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून वाटतं.

दादरला 'होमो इरेक्टस' चढतो: उंच, लांब पायांचा, आफ्रिकेबाहेर पडून पार जावा बेटापर्यंत पोचलेला माणूस. आपण स्वतः, म्हणजे 'होमो सेपियन्स', कुठे येतो? मशीद बंदरच्या जरा अलीकडे. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदची हाडं ३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. शेती सुरू होते ती गाडीचे शेवटचे दोन-अडीच डबे उरलेले असताना. आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक? फलाटाच्या टोकापासून दोन पावलांवर.

या मापात एक वर्ष म्हणजे अर्धा सेंटिमीटरही नाही. ऐंशी वर्षांचं भरलं आयुष्य दोन वितीही भरत नाही. पुढे एक आक्षेप येणार आहे, त्याच्यासाठी हे माप लक्षात ठेवा.

माणूस माकडापासून आला, तर माकडं अजून का आहेत?

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात रविवारी फिरायला गेलेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो, कारण तिथे कठड्यावर माकडं समोरच बसलेली असतात. प्रश्न चांगला आहे, फक्त त्याच्या सुरुवातीला एक चूक आहे. माणूस येऊरच्या माकडापासून आलेला नाही, आणि चिंपांझीपासूनही नाही.

कसारा लोकल आणि कर्जत लोकल आठवा. दोन्ही ठाण्याहून जातात, कल्याणपर्यंत दोघींचे रूळ एकच. कल्याणनंतर एक उत्तरेला वळते, दुसरी दक्षिणेला. कसाऱ्याला उतरलेला कोणी म्हणेल का, की "मी कर्जतहून आलो, मग कर्जत अजून जागेवर कसं?" दोघांमध्ये समान काय आहे, तर कल्याण. चिंपांझी आणि माणूस यांचं कल्याण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेलं. तो समान पूर्वज आजच्या चिंपांझीसारखाही नव्हता, आपल्यासारखाही नव्हता. येऊरच्या माकडाशी आपला फाटा याच्याही खूप आधी, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी फुटला.

भिंतीवरच्या तक्त्यात वाकलेला कपी, म्हणजे चिंपांझीसारखं बिनशेपटीचं वानर, हळूहळू ताठ होत माणूस झालेला दाखवतात, ते चित्र म्हणूनच मला नको वाटतं. त्यात सगळे एका रांगेत आहेत आणि शेवटचा नंबर आपला. प्रत्यक्षात आपल्या मार्गालाही वाटेत कितीतरी फाटे फुटले आणि त्यातले बरेच एकाच वेळी चालू होते.

हे होताना कोणी पाहिलं का?

२०१८ च्या जानेवारीत आपल्याच औरंगाबादला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी म्हटलं होतं की कपीचा माणूस होताना कोणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं नाही. बरोबर, पाहिलं नाही. ज्याचं आयुष्य दोन वितींचं आहे, त्याला ३४ किलोमीटर एका नजरेत दिसणार नाहीत. पण मागे राहिलेल्या खुणा वाचता येतात.

परीक्षेचे पेपर तपासताना दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखं असलं तर मी काही म्हणत नसे. एकच विचित्र चूक दोघांनी एकाच ओळीत केली असेल, तर दोघांनी ती एकाच ठिकाणाहून उतरवली हे उघड असायचं. आपल्या शरीरात तशा चुका आहेत. बहुतेक प्राणी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपण करू शकत नाही, म्हणून लिंबू-आवळा लागतो. ते तयार करणारं जनुक, म्हणजे आईबापांकडून आलेली शरीराची सूचना, आपल्यात आहे, पण मोडलेलं. चिंपांझीत आणि माकडांतही ते मोडलेलंच आहे, आणि मोडतोडीच्या खुणा जुळतात.

दुसरी खूण मला त्याहून आवडते. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुकं ज्यांवर असतात त्या धाग्यांच्या, २४ जोड्या असतात, आपल्यात २३. मग एक जोडी गेली कुठे? दोन जुनी लुगडी टोकाला टोक जोडून गोधडीला घेतली, तर पदराचा काठ गोधडीच्या मधोमध दिसतो. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तसंच आहे. गुणसूत्राच्या फक्त टोकाला असायला हवी ती नक्षी याच्या मध्यात सापडते, कारण कपींची दोन गुणसूत्रं इथे एकमेकांना जोडली गेली आहेत.

आणि उत्क्रांती आजही चालू आहे. विदर्भात, नंदुरबारकडे, आपल्या शेजारच्या पालघरमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. त्याला कारण असलेल्या जनुकाच्या दोन प्रती आल्या तर आजार होतो, पण एकच प्रत असेल तर मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे म्हणून हे जनुक टिकलं. हे दुःख काही घरांच्या वाट्याला का आलं याचं उत्तर उत्क्रांतीत आहे, कोणाच्या पापपुण्यात नाही. शिकवताना हे वाक्य मी कधी गाळलं नाही.

नात्यातले कोण कोण होते

मानवांची आज एकच प्रजाती, म्हणजे आपसांत सहज संतती होणाऱ्या जिवांचा एकच गट, उरली आहे: आपण. हीच खरी चमत्कारिक स्थिती आहे. एक लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर फिरलो असतो तर निदान चार-पाच तऱ्हांची माणसं भेटली असती. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फुटांची माणसं होती. २००३ मध्ये त्यांची हाडं लियांग बुआ गुहेत सापडली, सोबत दगडी हत्यारंही. फिलिपाइन्सच्या लुझॉन बेटावर आणखी एक तऱ्हा होती. दक्षिण आफ्रिकेत त्याआधी, अडीच-तीन लाख वर्षांपूर्वी, संत्र्याएवढ्या मेंदूचा 'होमो नालेदी' राहत होता. यांच्यावर स्वतंत्र लेख व्हावा. इथे मला दोघांपाशी थांबायचं आहे, कारण ते दोघे आपल्या अंगात आहेत.

पहिला निअँडरथल. १८५६ मध्ये जर्मनीत डुसेलडॉर्फजवळच्या नेआंडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत मजुरांना हाडं मिळाली, आधी ती अस्वलाची वाटली. पुढे कित्येक दशकं या माणसाचं चित्र रानटी, पोक काढून चालणारा, बुद्धीने मंद असंच काढलं गेलं. ते अन्यायाचं होतं. त्याचा मेंदू आपल्याएवढाच, कधी थोडा मोठाच. आग वापरायचा, दगडाला डिंकाने दांडा बसवायचा. इराकमधल्या शानिदार गुहेत एक प्रौढ पुरुष सापडला, ज्याचा उजवा हात लहान वयातच लुळा पडला होता आणि एका डोळ्याने त्याला बहुधा दिसत नव्हतं. तरीही तो चाळिशीपर्यंत जगला, म्हणजे निअँडरथलांच्या हिशेबात म्हातारा झाला. कोणीतरी त्याला खायला आणून देत होतं. हे वर्षानुवर्षं केल्याशिवाय तसा माणूस जगत नाही.

दुसऱ्याची कथा आपल्या हयातीतली. सायबेरियाच्या आल्ताय पर्वतात डेनिसोवा नावाची गुहा आहे. २००८ मध्ये तिथे करंगळीचं एक छोटं हाड सापडलं. पाहून काहीच कळण्यासारखं नव्हतं. पण जनुकशास्त्रज्ञ स्वांते पॅबो यांच्या गटाने त्यातला डीएनए, म्हणजे पेशीत साठवलेला आनुवंशिक मजकूर, वाचला, आणि २०१० मध्ये जाहीर झालं की हा माणूस निअँडरथलही नाही आणि आपल्यातलाही नाही. एका अख्ख्या मानवसमूहाचा शोध करंगळीवरून लागला. त्यांना डेनिसोवन नाव पडलं. पॅबो यांना २०२२ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

मात्र डेनिसोवन दिसायचे कसे, हे कोडं राहिलं. चेहरा नव्हताच. आणि चेहरा तोवर चीनमधल्या एका विहिरीत पडून होता.

सांगतात ते असं: १९३३ मध्ये हार्बिन शहरात सोंगहुआ नदीवर पुलाचं काम चालू असताना एका मजुराला एक प्रचंड मोठी कवटी मिळाली. जपान्यांची सत्ता होती. कवटी त्यांच्या हाती लागू नये म्हणून त्याने ती एका पडक्या विहिरीत लपवली आणि जन्मभर कोणाला सांगितलं नाही. मरणापूर्वी नातवंडांना सांगितलं. २०१८ मध्ये त्यांनी ती बाहेर काढून संशोधकांना दिली. जाड भुवईचं हाड, डोळ्यांच्या मोठ्या चौकोनी खोबण्या, निदान १ लाख ४६ हजार वर्षांचं वय. २०२१ मध्ये तिला वेगळ्या प्रजातीचं नाव मिळालं आणि वर्तमानपत्रांनी 'ड्रॅगन मॅन' म्हटलं. हाडात डीएनए मिळेना. शेवटी जबड्यात उरलेल्या एकुलत्या एका दाढेवरचं कीटण, दंतवैद्य खरवडून टाकतात तेच, तपासलं गेलं. त्यात डीएनए टिकून होता, आणि तो डेनिसोवन निघाला. कवटीतल्या प्रथिनांनीही तेच सांगितलं. हे जाहीर झालं जून २०२५ मध्ये. त्या मजुराने कवटी फेकून दिली असती तर आज आपल्याकडे हा चेहरा नसता.

इथे रुळांचा दृष्टान्त सोडावा लागतो

कल्याणचा दाखला मी वर्षानुवर्षं वर्गात दिला. तो एका ठिकाणी तोकडा पडतो: कसारा लोकल आणि कर्जत लोकल पुन्हा कधी भेटत नाहीत. माणसं मात्र भेटली.

डेनिसोवा गुहेतच दोन-एक सेंटिमीटरचा हाडाचा तुकडा मिळाला. २०१८ मध्ये त्यातला डीएनए वाचला तेव्हा संशोधकांना वाटलं नमुने मिसळले गेले असावेत, म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं. हाड तेरा-एक वर्षांच्या मुलीचं होतं, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीचं. आई निअँडरथल, वडील डेनिसोवन. ही पुस्तकातली शक्यता नव्हे, दोन वेगळ्या मानवसमूहांची ही प्रत्यक्ष लेक आहे.

याला खाडीचाच दाखला हवा. उल्हास नदी आपल्या उत्तरेला येते, तिचं मुख्य पाणी घोडबंदरवरून वसईच्या खाडीकडे जातं. इकडे एक चिंचोळी वाट तिला ठाण्याच्या खाडीशी जोडते. भरती आली की कळव्याच्या पुलाखालच्या पाण्यातलं कुठलं नदीचं आणि कुठलं समुद्राचं, कोणी सांगू शकत नाही. प्रवाह वेगळे होतात, मध्ये तिवरांचं बेट येतं, पुढे पुन्हा एकमेकांत शिरतात, काही गाळ भरून बुजतात. मानवाची वंशावळ अशी आहे. आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले आणि सुमारे ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीच्या काळात निअँडरथलांत मिसळले. त्यामुळे आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येकात, म्हणजे तुमच्यात आणि माझ्यातही, एक-दोन टक्के डीएनए त्यांच्याकडून आला आहे.

पण हे ओळखतात कसं?

नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे सांगणं सोपं आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनीवर आखीव सेक्टर झाले: सरळ रस्ते, क्रमांकाचे भूखंड. पण कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ कुठेही चालत जा, मध्येच गावठाण लागतं. गल्ली वळण घेते, घराला घर लागतं, देऊळ आणि जुनी विहीर समोर येते. नकाशा वरून पाहिला तर पाटी न वाचताही गावठाण कुठलं हे बोट ठेवून दाखवता येतं. (गावठाणातली माणसं अर्थात आजही तिथे नांदताहेत आणि हक्कासाठी भांडताहेत. दाखला फक्त नकाशापुरता.)

आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. त्यातल्या काही पट्ट्यांची मांडणी भोवतालापेक्षा वेगळी दिसते आणि निअँडरथल हाडांतल्या मांडणीशी अक्षरशः जुळते. ही आपली गावठाणं. पिढीगणिक आईबापांच्या डीएनएची सरमिसळ होते, पत्ते पिसावेत तशी, आणि पट्ट्या तुटून लहान होत जातात. त्यांची लांबी मोजून मिसळण कधी झाली याचा काळ काढता येतो.

गंमत अशी की प्रत्येकाची गावठाणं वेगळी. २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात २,७०० हून अधिक भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास आला. एकेकाकडे एक-दोन टक्केच, पण सगळ्यांचे नकाशे एकावर एक ठेवले तर निअँडरथलांचा जवळपास निम्मा डीएनए आणि डेनिसोवनांचा पाचवा भाग भारतीयांमध्ये जिवंत सापडला. एका देशात इतकी विविधता! नामशेष झालेल्या माणसांचा एवढा मोठा दस्तऐवज आपण लोकलच्या गर्दीत घेऊन फिरतो आहोत.

याचा रोजच्या जगण्याशी संबंध आहे. तिबेटी लोक विरळ हवेत सहज राहतात, ते ज्या जनुकामुळे, ते डेनिसोवनांकडून आलेलं आहे. कोविडच्या वेळी, वाशीच्या प्रदर्शन केंद्रात खाटा मांडल्या होत्या त्या वर्षी, असं दिसलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा निअँडरथल तुकडा असणाऱ्यांना आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. हा तुकडा युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत आहे आणि दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत. पण घाबरून निष्कर्ष काढू नका. दक्षिण आशियाई रुग्णांच्या काही अभ्यासांत तो संबंध तसा दिसला नाही. वय, मधुमेह, वेळेवर मिळालेला ऑक्सिजन यांचं वजन मोठं होतं.

वेगळ्या प्रजाती होत्या तर मुलं कशी झाली?

कारण 'प्रजाती' ही रेघ आपण ओढलेली आहे. मुलुंड चेकनाक्याला मुंबई संपते आणि ठाणं सुरू होतं, पण तिथे उभं राहून पाहिलं तर रस्ता तोच, दुकानं तशीच, भाषा तीच. मुंबई आणि ठाणं वेगळी नाहीत असं मात्र कोणी म्हणणार नाही. दोन समूह पाच-सहा लाख वर्षं लांब राहिले तर बरेच वेगळे होतात, तरी पूर्ण तुटलेले नसतात. निअँडरथल डीएनएचे काही भाग आपल्यातून गाळले गेले आहेत, म्हणजे ती मिसळण सगळीच निर्वेध नव्हती.

"दशावतारात हेच सांगितलं आहे ना?" हेही काकांनी विचारलं. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम पाहून असं वाटणं साहजिक आहे. पण उत्क्रांतीत माशाचं कासव आणि कासवाचं डुक्कर होत नाही, आणि ती कुठल्या ठरलेल्या मुक्कामाकडेही जात नाही. दशावतार ही श्रद्धेची कथा आहे आणि तिचा अर्थ तिच्यापाशी आहे. तिला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही, आणि तो जबरदस्तीने चिकटवला तर दोन्हींचं नुकसान होतं.

शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात, मग विश्वास काय ठेवायचा?

आता काकांच्या मेसेजकडे. कवटी चीनच्या हुबेई प्रांतातल्या युनशियानची. १९९० मध्ये सापडली, मातीच्या भाराने चपटी झालेली, वय सुमारे दहा लाख वर्षं. इतके दिवस ती होमो इरेक्टसची समजली जायची. सप्टेंबर २०२५ मध्ये संशोधकांनी संगणकावर तिचे तुकडे सरकवून, फुटलेला माठ सांधावा तशी, मूळ आकारात आणली. तेव्हा ती हार्बिनच्या, म्हणजे डेनिसोवनांच्या, बाजूची वाटली. त्यांची शाखा दहा लाख वर्षांपूर्वीच वेगळी दिसत असेल, तर आपली शाखाही तेवढीच जुनी असणार. डीएनएवरून हा फाटा साडेपाच ते साडेसात लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो. 'पाच लाख वर्षं मागे' ते इथून आलं. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. एका कवटीवरून इतकं सांगावं का, यावर वाद चालू आहे.

पण वाद कशाचा आहे ते पाहा. फाटा दिव्याला फुटला की डोंबिवलीला, याचा. फाटा फुटला का, याबद्दल वाद नाही.

चूक झाल्याचं सर्वांत मोठं उदाहरण मीच देते. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये 'पिल्टडाउन मानव' सापडल्याचा गाजावाजा झाला. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा, दात घासून रंगवलेले. चाळीस वर्षं अनेकांनी तो खरा मानला. १९५३ मध्ये बनाव उघड केला तो शास्त्रज्ञांनीच, हाडांची रासायनिक तपासणी करून. ज्या विद्येत स्वतःची चूक छापून सांगायची रीत आहे, तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला, तेव्हा देशभरातल्या १,८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, याचा मला अभिमान वाटतो. तो धडा पाठ करून घेण्याचा नाही, मुलांना प्रश्न विचारू देण्याचा आहे.

मग ते गेले कुठे?

आपण हुशार होतो म्हणून उरलो, हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं. निअँडरथलांची संख्या नेहमीच थोडी होती, टोळ्या लहान आणि विखुरलेल्या, जवळच्या नात्यात संतती होत असल्याच्या खुणा त्यांच्या डीएनएत आहेत. हवामान वारंवार उलटं होत होतं. त्यात आपले पूर्वज संख्येने जास्त आले. काही जण लढाईत, काही आजारात, काही उपासमारीत गेले असतील, आणि काही आपल्यात विरघळून गेले. ४० हजार वर्षांपूर्वी, गाडी सीएसएमटीच्या फलाटात शिरता शिरता, शेवटचे निअँडरथल दिसेनासे झाले.

कुळ शुद्ध, रक्त शुद्ध असल्याचं कोणी सांगू लागलं की मला त्या गुहेतली तेरा वर्षांची मुलगी आठवते. शुद्ध असं कोणी कधी नव्हतंच. लग्नाच्या जाहिरातींपासून दंगलींपर्यंत या कल्पनेने आपलं किती नुकसान केलं आहे, ते मी वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे कोणी होतं का?

होतं. तमिळनाडूत अत्तिरमपाक्कमला १५ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच प्रवरेच्या परिसरात चिरकीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात अशीच हत्यारं निघाली. ती घडवणारे आपण नव्हतो, आपल्या आधीचे कोणीतरी होते. हत्यारं ढिगाने मिळतात, पण हाडं जवळजवळ नाहीतच. ठाण्यात राहणाऱ्याला कारण वेगळं सांगायला नको: चार महिन्यांच्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे हाडातला डीएनए लाखभर वर्षं कसा टिकणार? सायबेरियाची गुहा म्हणजे फ्रिज आहे.

एकच मोठा अपवाद. ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात, हाथनोरा गावाजवळ नर्मदेच्या काठी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना कवटीचा एक भाग सापडला. बहुधा स्त्रीची, उजवी बाजू तेवढी शिल्लक. कोणी तिला होमो इरेक्टस म्हटलं, कोणी आपल्या जवळची. डेनिसोवन सायबेरियापासून तिबेटपर्यंत होते हे कळल्यावर तिच्याकडे पुन्हा नव्याने पाहायला हवं.

गच्चीवर दुधाचे पेले गोळा करताना काकांनी शेवटी तिच्याबद्दलच विचारलं. "मग त्या नर्मदेच्या बाईच्या दातांवरचं कीटण का तपासत नाहीत?"

प्रश्न अगदी योग्य होता. पण तिचा जबडा मिळालेला नाही. डोक्याचा वरचा भागच तेवढा हाती आहे. दात मिळायचा तर त्याच काठावरच्या गाळात कुठेतरी असेल, आणि दर पावसाळ्यात नर्मदा तो काठ थोडा थोडा कापते आहे.